घरातल्या कासवाचं ताट



वार्षिक परीक्षा संपली की मुलांचे हट्ट सुरू होतात. कुणाला कुत्र्याचं पिल्लू हवं असतं, कुणाला मासे. दोन खोल्यांच्या जागेत कुत्रं कुठं ठेवायचं, म्हणून आपण नाही म्हणतो. मग कुणीतरी मध्यममार्ग काढतं, "कासव आणू या!" कासव भुंकत नाही, चपला चावत नाही, त्याचे केस गळत नाहीत, त्याला फिरायला न्यावं लागत नाही. आपणही 'बरं' म्हणतो आणि एका रविवारी माशांच्या दुकानातून रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, हिरवंगार पिल्लू काचेच्या भांड्यातून घरी येतं.

आठ दिवस घरभर कौतुक चालतं. नवव्या दिवशी मुलं क्रिकेटला जातात आणि कासव आपल्याकडे येतं. घरातल्या सगळ्यांच्या खाण्याची काळजी ज्या हातांकडे, त्याच हातांकडे कासवाचीही. म्हणून या वेळी आपल्या सदरात कासवाच्या आहाराचा विषय घेतला आहे.

हा जीव मुका आहे. मांजर भूक लागली की पायात घोटाळतं, कुत्रं ताटाशी येऊन बसतं. कासव काही मागत नाही. 'कासव हवा खाऊन जगतं' असं आपल्याकडे सहज म्हणतात, त्याचं कारणही हेच. ते थंड रक्ताचं, संथ शरीराचं आहे. चुकीच्या खाण्यावरही ते महिनोन् महिने तग धरतं. आपल्याला वाटतं, सगळं छान चाललंय. प्रत्यक्षात आतून हाडं पोखरत असतात, आणि कवच मऊ पडलेलं आपल्या लक्षात येतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. एकदा वाकडं झालेलं कवच पुन्हा सरळ होत नाही.

आधी कासव ओळखा

मराठीत आपण सगळ्यांनाच 'कासव' म्हणतो. पण जमिनीवरचं कासव आणि पाण्यातलं कासव यांचं खाणं अगदी वेगळं. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाय. जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीसारखे, खांबासारखे जाड असतात आणि पाठ घुमटासारखी उंच असते. पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो आणि पाठ चपटी असते.

दुकानात मिळणारं हिरवं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पिल्लू पाण्यातलं. त्याचं नाव रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आज ते तळहातावर मावतं, पण नीट वाढलं तर मादी 25 ते 30 सेंटिमीटर होते, म्हणजे जवळजवळ जेवणाच्या ताटाएवढी. आणि वीस-तीस वर्षं ते सहज जगतं. आज चौथीत असलेल्या मुलाचं लग्न होईल, तरी कासव घरातच असेल! आणण्याआधी याचा विचार व्हायला हवा.

पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेलं जमिनीवरचं तारा कासव मात्र आपल्या देशातलं. ते घरी ठेवणं हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ते पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची. 'लक्ष्मी येते', 'वास्तुदोष जातो' असं सांगून कुणी ते गुपचूप विकायला आणलं तर दारातूनच परत पाठवा. लक्ष्मीसाठी देवघरात पितळेचं कासव आहे, तेवढं पुरे. गावाकडच्या विहिरीतली, ओढ्यातली कासवंही उचलून आणायची नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक कासवांना कायद्याचं संरक्षण आहे. असं कासव सापडलं किंवा आधीपासून कुणाकडे असलं तर वनखात्याला कळवावं. महाराष्ट्रात त्यासाठी 1926 हा दूरध्वनी क्रमांक आहे. परदेशी जातींपैकीही काहींची सरकारदरबारी नोंद करावी लागते, तेव्हा आणण्यापूर्वी चौकशी करा.

आता पुढचं सगळं त्या लाल पट्ट्याच्या, पाण्यातल्या कासवाबद्दल.

वयाप्रमाणे वाढायचं

तान्ह्या बाळाचं आणि आजोबांचं जेवण आपण एक ठेवतो का? कासवाचंही तसंच आहे. पिल्लू असताना ते बरंचसं मांसाहारी असतं. नैसर्गिक जागी किडे, अळ्या, गोगलगायी, बारीक मासे खातं. मोठं होत जातं तसं ते पाल्याकडे, पाणवनस्पतींकडे वळतं. पिल्लाला नुसता पाला दिला तर वाढ खुंटते, आणि मोठ्या कासवाला रोज मांसाहार दिला तर ते बेढब लठ्ठ होतं. अति तिथे माती, हे दोन्हीकडून खरं.

खाण्याचा पाया म्हणून कासवांसाठी बनवलेल्या गोळ्या घ्याव्यात. माशांचं खाद्य देऊन भागवू नका. पाकिटावर कॅल्शियम, अ आणि ड-3 जीवनसत्त्व लिहिलंय ना, ते वाचून घ्या. पाकीट उघडल्यावर गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवाव्यात. पावसाळ्यात बुरशी आलेल्या गोळ्या सरळ फेकून द्या, निवडत बसू नका.

दुकानदार बरेचदा वाळवलेल्या कोळंबीची बाटली हातात ठेवतात आणि 'एवढंच पुरतं' म्हणतात. कासवालाही ती फार आवडते. पण आवडतं म्हणून रोज शेव-चिवडा खाणाऱ्या मुलासारखंच ते आहे. नुसत्या वाळक्या कोळंबीत कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व पुरेसं नसतं. आठवड्यातून एकदा खाऊ म्हणून दोन दाणे द्या, जेवण म्हणून नको. बाजारातलं सुकट, बोंबील यांचंही तेच, शिवाय खारवलेलं असलं तर मीठ वेगळंच.

शाकाहारी घरातल्या बायकांना अडचण येते ती इथंच. 'आमच्याकडे चालत नाही, आम्ही त्याला पोळी-भाजीच देतो,' असं ऐकायला मिळतं. आपली श्रद्धा आपल्याजवळ. पण पिल्लाच्या पोटाला आपला नेम लावता येत नाही. गोळ्यांमध्ये मासळीची पूड असते, त्यामुळे स्वयंपाकघरात मासळी न आणताही त्याची गरज भागते. गोळ्यांनाही घरात विरोध असेल, तर स्पष्टच सांगते, कासव आणू नये. मासेच पाळायचे, तर पाला-शेवाळावर राहणाऱ्या जाती मिळतात.

ज्यांच्याकडे चालतं त्यांनी बोटाएवढी ताजी मासळी काट्यासकट, मीठ-हळद न लावता द्यावी. नुसते मांसाचे तुकडे नकोत. मांसात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. काटा पोटात गेला तर तोल साधतो. कुंडीतलं गांडूळ उत्तम, फक्त त्या मातीत औषध फवारलेलं नसावं.

पाला कोणता, कोणता नाही

मंडईतून आणलेली प्रत्येक हिरवी जुडी कासवाला चालते असं नाही. पालक, माठ, चुका, राजगिरा यांत ऑक्झॅलिक आम्ल असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणजे दिलेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. अळू तर मुळीच नको. कोबी-फ्लॉवरची पानं एखादवेळी चालतील, रोज नकोत. काकडीत जवळजवळ सगळं पाणीच, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नये.

मग द्यायचं काय? शेवग्याचा कोवळा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची पानं आणि फुलं, सॅलडची गडद हिरवी पानं. आणि रंग असलेल्या भाज्यांपैकी किसलेला लाल भोपळा, गाजर, रताळं. यांतून अ जीवनसत्त्व मिळतं. ते कमी पडलं की कासवाच्या पापण्या सुजतात, डोळे मिटतात. दिसेना झालं की ते खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी अशक्त होतं.

फळं म्हणजे सणासुदीचा गोडाचा घास. पपई, केळं, आंब्याची बोटाच्या पेराएवढी फोड पंधरा दिवसांतून एकदा पुष्कळ झाली.

पाला स्वच्छ धुऊन, बारीक तोडून पाण्यावर सोडायचा. पिल्लं सुरुवातीला त्याला तोंड लावत नाहीत. त्यामुळे 'याला आवडतच नाही' असं ठरवून मोकळं होऊ नका. रोज दोन पानं तरंगत ठेवायची. आपली मुलं तरी कारलं पहिल्या दिवशी कुठं खातात? भोपळ्याचा कीस गोळ्यांबरोबर दिला तर काही दिवसांत सवय होते.

कवचासाठी समुद्रफेस

कवच म्हणजे कासवाची हाडंच. बरगड्या आणि पाठीचा कणा मिळून ते बनलेलं असतं. म्हणून कॅल्शियमची गरज मोठी. त्यासाठी महागडं काही नको. काष्ठौषधीच्या दुकानात 'समुद्रफेस' म्हणून पांढरा, हलका, पापुद्र्यांचा तुकडा मिळतो. तो माकूळ जातीच्या समुद्रजीवाचा आतला भाग, बराचसा कॅल्शियमचाच. त्याची मागची कडक बाजू सुरीनं काढून टाकायची आणि मऊ तुकडा पाण्यात तरंगत ठेवायचा. कासव हवा तेव्हा कुरतडतं. आपोआप चोचही झिजते.

समुद्रफेस नाही मिळाला तर उकडलेल्या अंड्याचं कवच धुऊन, वाळवून खलबत्त्यात पीठ होईपर्यंत कुटावं आणि चिमूटभर भोपळ्याच्या किसावर टाकावं. मात्र पानाला लावायचा चुना कधीही देऊ नका. त्यानं तोंड आणि आतडी भाजतील. जीवनसत्त्वांचे थेंबही स्वतःच्या मनानं देऊ नयेत. अ आणि ड जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय होतो.

ऊन हा सुद्धा आहारच

सगळं नीट वाढलं, पण ऊन दिलं नाही, तर निम्मं वाया. कॅल्शियम अंगी लागायला ड-3 जीवनसत्त्व लागतं, आणि ते कासवाच्या अंगात उन्हातल्या अतिनील किरणांनी तयार होतं. आपल्या बाळांना तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवायचे ना, तसंच हे.

पण खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. काचेचं भांडं उचलून उन्हात ठेवणं तर फारच वाईट. पाणी बघता बघता तापतं आणि कासव उकडून मरतं. एका पसरट घमेल्यात थोडं पाणी, मधे बसायला एक दगड किंवा वीट आणि अर्ध्या भागावर फळीची सावली, अशी सोय करून सकाळी वीस-तीस मिनिटं गच्चीवर किंवा गॅलरीत ठेवा. त्याला वाटलं तर ते उन्हात येईल, नाहीतर सावलीत जाईल. वर जाळी टाका आणि जवळच बसून भाजी निवडा. कावळा, घार आणि मांजर यांना पिल्लू उचलायला एक क्षण पुरतो.

ज्यांच्या जागेत ऊनच येत नाही त्यांना अतिनील किरणांचा खास दिवा लावावा लागतो. साधा पिवळा बल्ब ऊब देतो, ड-3 देत नाही.

घरातल्या टाकीतही पूर्ण पाण्याबाहेर येऊन कोरडं होता येईल अशी बैठक हवीच. अंग तापल्याशिवाय कासवाचं अन्न पचत नाही. थंडीत नाशिक-पुण्याकडे पाणी गार पडलं की ते खाणं सोडतं. अशा वेळी तोंडात कोंबू नका. आधी ऊब द्या, मग भूक आपोआप लागते.

किती आणि कसं

गोळ्यांचं माप सोपं आहे. कासवाचं डोकं पोकळ डबी समजा, त्यात मावतील एवढ्याच. डोकं वाढेल तसं माप वाढेल. ते मान लांब करून, हातपाय मारून आणखी मागतंय असं वाटतं, पण तुम्ही आलात की खाऊ मिळतो हे ते शिकलेलं असतं, एवढंच.

खाणं पाण्यातच द्यायचं. स्लायडरला कोरड्यावर गिळता येत नाही. त्यासाठी एक वेगळं प्लास्टिकचं तसराळं ठेवा, घरात दुसऱ्या कशाला न वापरण्याचं. सकाळी, अंग तापल्यावर, त्यात कोमट पाणी घालून वाढा, पंधरा-वीस मिनिटांनी कासव परत टाकीत आणि उरलेलं खाणं बाहेर. टाकीतच वाढलं तर अन्न कुजतं, पाणी घाण होतं आणि तेच पाणी ते पितं.

फ्रिजवर चिकटवून ठेवायला हे वेळापत्रक:

*पिल्लू (साधारण पहिलं वर्ष)*
रोज सकाळी – डोक्याच्या मापानं गोळ्या.
आठवड्यातून दोनदा – गोळ्यांऐवजी गांडूळ किंवा बारीक मासळी (घरात चालत असेल तर).
रोज – पाल्याचे दोन-तीन तुकडे तरंगत.

*मोठं कासव*
सोमवार – गोळ्या.
मंगळवार, बुधवार – शेवगा, तुती किंवा जास्वंदीचा पाला.
गुरुवार – गोळ्या.
शुक्रवार – पाला आणि किसलेला लाल भोपळा.
शनिवार – गांडूळ किंवा काट्यासकट मासळी, नाहीतर गोळ्या.
रविवार – पाला आणि किसलेलं गाजर.

*दोघांनाही* – समुद्रफेस कायम पाण्यात, आणि कोवळं ऊन शक्य तितक्या दिवशी.

हे मात्र नको

'कासवाला काय देता?' असं एकदा वर्गात मुलांना विचारलं, तर उत्तरं आली: बिस्किट, पोळी, चुरमुरे, फरसाण, दूधभात! देवळाच्या तळ्यावर लोक कासवांना चुरमुरे आणि कणकेच्या गोळ्या टाकतात, ते पाहून मुलंही तेच करतात. यातलं काहीच त्याचं अन्न नाही. दूध तर सरपटणाऱ्या कुठल्याच प्राण्याला पचत नाही, मग तो नागपंचमीचा नाग असो की घरचं कासव. मीठ, मसाला, तेल, साखर आणि ताटातलं उरलेलं, सगळं वर्ज्य.

आपल्या डोळ्यांचं काम

आठवड्यातून एकदा कासव नीट न्याहाळा. पापण्या सुजल्यात का? पिल्लाचं कवच जरा लवचिक असतं, पण काही महिन्यांनीही ते बोटानं दबतंय का? पायांच्या खोबणीतून मांसाच्या वळ्या बाहेर येताहेत का? पोहताना एका बाजूला कलंडतंय का? ऊब असूनही आठवडाभर खात नाही का? वळ्या दिसल्या तर गोळ्या कमी करून पाला वाढवा. बाकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, पशुवैद्याकडे न्या. कलंडणं हे बहुधा फुप्फुसाच्या आजाराचं लक्षण असतं.

आणि हात! कासव निरोगी दिसलं तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी लहान मुलांना जुलाब-ताप होतो, कधी जिवावरही बेततं. याच कारणानं अमेरिकेत 1975 साली चार इंचांहून लहान कासवं विकायलाच बंदी घातली गेली. कासवाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचेच. त्याचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायचं नाही. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल, तर ते मोठं होईपर्यंत कासव आणूच नये.

कधी बदली होते, कधी टाकी पुरत नाही. तेव्हा 'बिचाऱ्याला मोकळं करू' म्हणून ते तळ्यात किंवा नदीत सोडू नका. हे परदेशी कासव आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. वनखात्याला किंवा प्राणिमित्र संस्थेला विचारून सोय करावी.

कासवी नुसत्या नजरेनं आपल्या पिलांना पोसते, असा दाखला आपल्या संतांनी ठिकठिकाणी दिला आहे. खरी कासवी वाळूत अंडी घालून निघून जाते, पिलांना बघतही नाही. आपल्या टाकीतल्या पिल्लाला तर आईही नाही आणि नदीही नाही. त्याला जे मिळेल ते तुम्ही पुढे ठेवाल तेवढंच. उद्या सकाळी गोळ्या टाकताना जरा थांबा, त्याच्या डोळ्यांकडे आणि पाठीकडे बघा, आणि बाजारात जाताना पिशवीत समुद्रफेसाची चिठ्ठी टाकायला विसरू नका.